कमांडरची प्रेमकथा शेवटी येते तेव्हा

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. विशेष कारवाया करणाऱ्या एका लष्करी तुकडीवर गुप्त प्रयोग झाला आणि सहा जणांना अलौकिक शक्ती मिळाल्या. पाच पुस्तकांत पाच जणांच्या प्रेमकथा पूर्ण झाल्या. सहावं आणि शेवटचं पुस्तक तुकडीच्या मेजरचं. त्याची शक्ती आवाजात आहे: तो हुकूम देतो तेव्हा ऐकणाऱ्याचं शरीर तो पाळतंच, मन तयार असो वा नसो. नायिका तुकडीची डॉक्टर, हुद्द्याने कॅप्टन, पहिल्या पुस्तकापासून सोबत असलेली. तुमच्या शंका चार आहेत. जुनी पाच जोडपी किती आणायची, प्रयोगामागच्या सूत्रधाराला कसं संपवायचं, कोणाला तरी मारायलाच हवं का, आणि शेवटी शक्ती ठेवायच्या की काढून घ्यायच्या.

मालिका-कादंबऱ्यांचं संपादन मी बरीच वर्षं करते आहे. शेवटच्या पुस्तकाच्या हस्तलिखितात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: अर्ध्यावर प्रेमकथा गायब होते. पाच पुस्तकांचं देणं डोक्यावर असतं, प्रत्येक धागा बांधायचा असतो, आणि त्या धावपळीत नायक-नायिका एकमेकांशी फक्त नकाशाबद्दल बोलायला लागतात. मग शेवटच्या प्रकरणात घाईघाईने मिठी. वाचकाने या दोघांसाठी पाच पुस्तकं वाट पाहिलेली असते. इतर पाच जोडप्यांपेक्षा या जोडप्याला जास्त जागा मिळायला हवी.

म्हणून आधी एकच गोष्ट पक्की करा. ज्या निर्णयाने हे दोघं एकत्र येतात, त्याच निर्णयाने सूत्रधाराचा डाव मोडला पाहिजे. प्रेमकथेचा शेवट एका प्रकरणात आणि लढाईचा शेवट दुसऱ्या प्रकरणात असं झालं, की पुस्तकाचे दोन तुकडे पडतात. तुमचं नशीब असं, की हा निर्णय तुम्ही पहिल्या पुस्तकातच पेरून ठेवला आहे. तो मेजरच्या आवाजात आहे.

त्या आवाजाचा अर्थ नीट लावून बघा. हा माणूस जिच्यावर प्रेम करतो तिला "थांब" म्हणू शकत नाही. "माझ्याकडे बघ" म्हणू शकत नाही. म्हटलं तर ती थांबेल, बघेल, पण ते तिच्या इच्छेने होतं की नाही हे त्याला कधीच कळणार नाही. अलौकिक प्रेमकथांमध्ये नियतीने जुळलेली जोडी ही कल्पना फार वापरली जाते, आणि तिच्यातला जुना प्रश्न हाच असतो की निवड कुठे आहे. तुमच्या पाच पुस्तकांत तो प्रश्न फारसा टोचला नाही, कारण त्या शक्ती दृष्टीच्या, स्पर्शाच्या, वेगाच्या होत्या. इथे मात्र तोच गाभा आहे. एक मोह टाळा: डॉक्टरवर त्याचा आवाज चालत नाही असं दाखवू नका. बऱ्याच जणांना ते सुचतं, ऐकायला छान वाटतं, पण तेवढ्याने सगळा अडसर एका वाक्यात नाहीसा होतो आणि उरलेल्या तीनशे पानांना काही काम राहत नाही. तिच्यावर तो आवाज चाललाच पाहिजे. इतरांपेक्षा कणभर जास्त चालला तरी हरकत नाही.

दुसरा अडसर लष्कराने आयता दिला आहे आणि तुम्ही तुमच्या आराखड्यात तो एका ओळीत उडवला आहे. तो तिचा वरिष्ठ आहे. अमेरिकी लष्करी कायद्यात अधिकारी आणि जवान यांच्यातलं असं नातं कलम १३४ खाली गुन्हा ठरू शकतं. दोघंही अधिकारी असले तरी एक दुसऱ्याच्या थेट हाताखाली असेल तर नियम आडवे येतातच. शिस्तप्रिय सैन्य कोणतंही असो, यामागचं कारण समजायला सोपं आहे. तिचा गोपनीय अहवाल तो लिहितो. कोणत्या हेलिकॉप्टरमध्ये ती बसणार हे तो ठरवतो. उद्या दोनच जागा असतील आणि तीन जखमी असतील, तर त्याच्या निर्णयावर उरलेल्या पाच जणांचा विश्वास राहायला हवा. हे सगळं "आपण कोणाला सांगायचं नाही" एवढ्यावर सोडू नका. त्याने कमांड सोडली पाहिजे. आणि ती शेवटी बक्षीस म्हणून न सोडता पुस्तकाच्या मध्यावर सोडली पाहिजे, जेव्हा तुकडीला त्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्याचा परिणाम त्याला भोगू द्या. दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली, चुकीचा वाटणारा हुकूम निमूटपणे पाळताना त्याला दाखवा. आजवर पाचही पुस्तकांत त्याने फक्त हुकूम दिले आहेत.

आणि पहिलं पाऊल तिचं असू द्या. त्याच्या हुद्द्यामुळे आणि त्याच्या आवाजामुळे, दोन्ही कारणांनी, तो आधी बोलूच शकत नाही. पाच पुस्तकं ती त्याला "सर" आणि "तुम्ही" म्हणत आली आहे. तुमच्या कच्च्या मसुद्यात ती तिसऱ्याच प्रकरणात सहज "तू" वर येते. ते पुढे ढकला, आणि येईल तेव्हा ते तिनेच ठरवून केलेलं असू द्या, कमांड सुटल्याच्या दिवशी, इतरांसमोर. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात हे मोठं साधन आहे. चुंबनाच्या प्रसंगाइतकीच त्याची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते.

आता एक प्रसंग जवळून पाहू. तुमच्या आराखड्यात चौदाव्या प्रकरणात मेजरच्या मांडीला गोळी लागते, डॉक्टर पट्टी बांधते, तो तिच्या डोळ्यांत बघतो. असा प्रसंग कोणत्याही मालिकेत चालेल. तुमच्या मालिकेतच घडू शकेल असा तो करायचा, तर आधी वैद्यकीय वास्तव घ्या. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली की काही मिनिटांत माणूस जातो. रक्त थांबवायला टूर्निके लावतात: पट्टा जखमेच्या वर घट्ट ओढायचा, त्यातली काडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, ती अडकवायची, आणि पट्टा कधी लावला ती वेळ त्याच्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर लिहायची. नीट पिळलेला टूर्निके भयंकर दुखतो. शुद्धीवर असलेला जखमी ओरडतो, सोडवायला सांगतो. आणि तुमचा मेजर "थांब" म्हणाला तर?

तिचे हात थांबतील. तिला थांबायचं नसलं तरी थांबतील. आणि तो तिच्यासमोर रक्त जाऊन मरेल.

म्हणजे त्याला तोंड उघडायचं नाही. ती काडी हातात घेते आणि त्याच्याकडे बघते. दोघांनाही एकाच वेळी तेच कळतं. तो आपला हातमोजा काढून दातांत धरतो. ती पिळते. एक वेढा, दुसरा. त्याच्या मानेच्या शिरा तटतटतात, टाच जमीन उकरते. ती बोलत राहते, कारण आता फक्त तीच बोलू शकते: "अजून एक. माझ्याकडे बघा. अजून एकच." आजवर तिला हुकूम देणारा माणूस आता तिचे हुकूम पाळतो आहे, तेही स्वतःच्या इच्छेने. रक्त थांबतं. ती मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लिहिते आणि तिचा हात तेव्हा कापायला लागतो, आधी नाही. हातमोजा तो लगेच काढत नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो तसाच दातांत धरून ठेवतो, कारण कण्हतानासुद्धा चुकून एखादा शब्द निघू शकतो.

या प्रसंगात "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य नको. तुम्ही ते घातलंत तर मी खोडीन. संपूर्ण पुस्तकातला हा सर्वांत जवळिकीचा प्रसंग आहे, आणि शय्येचा प्रसंग यानंतर आला तर त्याला वेगळीच खोली येते. तिथेही तो गप्प राहायला बघेल आणि ती त्याला बोलायला सांगेल. तेवढं पुरे, त्या प्रसंगात किती उघडं लिहायचं ते आधीच्या पाच पुस्तकांनी ठरवून दिलं आहे, ती पातळी बदलू नका.

सूत्रधाराकडे येते. त्याच्यावर आणखी एक मोठा सूत्रधार शेवटच्या पुस्तकात अचानक आणू नका. पाचपैकी एखादा नायक गद्दार निघाला हेही नको, कारण त्याने त्या नायकाचं अख्खं पुस्तक खोटं ठरतं. त्यापेक्षा असे कार्यक्रम प्रत्यक्षात कसे संपले ते बघा, इतिहासात चांगला माल पडला आहे. अमेरिकेत अतींद्रिय दृष्टीने हेरगिरी करता येते का हे तपासणारं काम १९७२ च्या सुमारास स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालं. पुढे लष्कराची तुकडी फोर्ट मीडला होती आणि अखेरीस त्याला स्टारगेट हे नाव मिळालं. १९९५ मध्ये एका बाहेरच्या संस्थेने मूल्यमापन केलं, हेरगिरीच्या प्रत्यक्ष कामात याचा उपयोग झाल्याचं दिसत नाही असा निष्कर्ष निघाला, आणि प्रकल्प बंद झाला. गोळी नाही, स्फोट नाही. एक अहवाल.

याहून कामाची गोष्ट एमके-अल्ट्राची. मनावर ताबा मिळवण्याचे सीआयएचे प्रयोग, १९५३ मध्ये मंजूर झालेले; कित्येक माणसांवर त्यांना न सांगता केलेले. १९७३ मध्ये तेव्हाचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला सांगितल्या आणि त्या नष्ट झाल्या. पण १९७७ मध्ये माहितीच्या कायद्याखाली अर्ज आल्यावर सुमारे वीस हजार कागदपत्रं सापडली, कारण ती आर्थिक नोंदींच्या इमारतीत ठेवलेली होती आणि नष्ट करणाऱ्यांच्या लक्षातच आली नव्हती. त्याच वर्षी सिनेटमध्ये सुनावणी झाली. प्रयोगाचे अहवाल गेले, खर्चाची कागदपत्रं राहिली.

तुमच्या सूत्रधाराचं मरण इथे आहे. त्याने प्रयोगशाळा जाळली, डॉक्टरांची तोंडं बंद केली, पण बिलं कुठेतरी उरली. तिसऱ्या पुस्तकातली नायिका लष्करी लेखा विभागात होती ना? लग्नानंतर तुम्ही तिला स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आहे. तिला परत कामाला लावा. ती बिलं तिनेच शोधायची.

आणि आता सगळे धागे एकत्र येतात. सूत्रधार समोर आहे, जखमी आहे. मेजरने तोंड उघडून "खरं सांग" म्हटलं तर तो सगळं सांगेल. "श्वास थांबव" म्हटलं तर तेही होईल. तुमच्या आराखड्यात मेजर पहिलं वाक्य म्हणतो आणि कबुली रेकॉर्ड होते. मी ते बदलायला सांगेन. जबरदस्तीने वदवलेली कबुली चौकशीत टिकत नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या क्षणी मेजर नेमकं तेच करतो जे त्याच्यावर केलं गेलं: दुसऱ्याच्या शरीराला त्याच्या मनाविरुद्ध राबवणं. त्याने गप्प राहायचं. सूत्रधाराला तर तो बोलायलाच हवा आहे, तो आवाज आपण घडवला याचाच त्याला गर्व आहे. मेजर गप्प राहतो आणि मागून डॉक्टर पुढे येते.

इथे आणखी एक खरी गोष्ट तुमच्या मदतीला येते. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार लष्करी डॉक्टरला संरक्षण असतं. ती शस्त्र बाळगू शकते ते स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी. शत्रूचा जखमी असला तरी त्याच्यावर उपचार करणं तिचं कर्तव्य असतं. त्यामुळे आठव्या प्रकरणात तुम्ही तिला मशीनगन देऊन चढाईवर पाठवलं आहे ते काढा. शेवटी ती सूत्रधाराच्या जखमेवर हात दाबून त्याला जिवंत ठेवते, ज्याने तिच्या माणसाचं आयुष्य पोखरलं त्याला. मेजरने बोलायचं टाळणं आणि तिने सूत्रधाराला वाचवणं, हे दोघांचं एकत्र घेतलेलं पाऊल आहे, एकमेकांना न विचारता घेतलेलं. वाचकाला कळतं की हे दोघं एकाच मातीचे आहेत. सूत्रधार जगतो, बिलांच्या आधारावर चौकशीला उभा राहतो. मला हा शेवट कड्यावरून पडून मरण्यापेक्षा फार जास्त समाधान देतो.

शक्तींचं उत्तरही यातच आलं. सगळ्यांच्या शक्ती एकाच फटक्यात काढून घेणं म्हणजे पाच पुस्तकांतल्या पाच जोडप्यांचं आयुष्य त्यांना न विचारता बदलणं. त्यांनी त्या शक्तींसह संसार थाटला आहे, तो तसाच राहू द्या. फक्त मेजरचा प्रश्न वेगळा. दुसऱ्या पुस्तकात तुम्हीच लिहून ठेवलं आहे की स्वरयंत्रावरच्या शस्त्रक्रियेने त्याची शक्ती जाऊ शकते, पण आवाजही कायमचा बसेल. ती किंमत खरी आहे, तिचा वापर करा. मात्र शस्त्रक्रिया डॉक्टरने सुचवायची नाही, करायचीही नाही. निर्णय त्याचा, त्याने तो तिच्या हातात कागद देऊन कळवायचा, आणि त्याच कागदावर लग्नाचं विचारायचं. लिहिलेल्या शब्दाला ती नाही म्हणू शकते. म्हणून तो लिहितो.

मृत्यूबद्दल. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संघटना १९८० पासूनची. तिच्या व्याख्येत प्रेमकथेच्या दोनच अटी आहेत, मध्यवर्ती प्रेमकहाणी आणि भावनिक समाधान देणारा आशादायी शेवट. पाच नायकांपैकी एकाला शेवटच्या पुस्तकात मारलंत, तर तुम्ही त्या वाचकाला दिलेला शब्द मागाहून मोडता. त्या नायकाचं पुस्तक वाचक पुन्हा उघडेल तेव्हा प्रत्येक पानावर त्याला पुढचं मरण दिसेल. हे करू नका. पण युद्धात कोणाला ओरखडाही उठला नाही हेही खोटं. तुकडीतला तो वयस्क सुभेदार, ज्याच्याकडे शक्ती नाही आणि जो तरीही पाचही मोहिमांवर गेला, त्याचं मरण या पुस्तकाला पेलेल. ते शेवटच्या लढाईत ठेवू नका. तिथे शोक करायला जागा नसते. पुस्तकाचा एक तृतीयांश भाग बाकी असताना ठेवा, म्हणजे माणसं त्याच्याशिवाय जेवायला बसलेली दाखवता येतील. घरच्यांचा फोटो दाखवणारा कोवळा जवान मात्र नको, तो फोटो काढला की वाचकाला पुढचं कळतं.

मेजरच्या मनाबद्दल थोडं. पाचही पुस्तकांत तुम्ही त्याला दुःस्वप्नं पडतात असं लिहिलं आहे आणि तिथेच सोडलं आहे. आघातानंतरच्या ताणाचं निदान, पीटीएसडी, अमेरिकी मनोविकार पुस्तिकेत १९८० मध्ये आलं, आणि त्यावर बहुतेक लेखक थांबतात: स्फोटाचा आवाज, दचकणं, घाम. १९९० च्या दशकात जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांबरोबर काम करताना आणखी एका जखमेबद्दल लिहिलं, नैतिक जखमेबद्दल. जे योग्य ते आपल्या हातून किंवा आपल्या वरिष्ठांच्या हातून मोडलं गेलं, त्याची जखम. तुमच्या मेजरला तीच आहे. प्रयोगानंतरच्या पहिल्या मोहिमेत त्याने दोघांना पुढे जायला सांगितलं आणि ते गेले. इतर कमांडर स्वतःला समजावू शकतो की माझ्या माणसांनी मनापासून हुकूम पाळला. याला तेही सांगता येत नाही. त्यांना नाही म्हणताच आलं नसतं. हे त्याने एकदा, पूर्ण, डॉक्टरला सांगायला हवं. तिने "तुमचा दोष नाही" म्हणून त्याला थोपटू नये. ऐकावं. आणि उपसंहारातही त्याला अधूनमधून झोप न येऊ द्या, प्रेमाने सगळं बरं झालं असं दाखवलं तर या वेदनेशी जगणारा वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

जुन्या जोडप्यांसाठी माझी कसोटी सोपी आहे. ते पात्र काढलं तर कथानक अडतं का? अडत असेल तर त्याला पूर्ण प्रसंग द्या. नसेल तर एक ओळ द्या, संवादाची. पाची जोडपी एकाच जेवणाच्या टेबलावर, प्रत्येकाचं बाळ, प्रत्येकाची थट्टा, असं प्रकरण तुम्ही तीन वेळा लिहिलं आहे. एकदा पुरे, आणि तेही सुभेदाराच्या मरणाआधी.

तपशिलांचं पटकन सांगते. शेवटच्या पुस्तकात नवी शक्ती किंवा जुन्या शक्तीचा नवा नियम आणू नका. मेजरचा आवाज रेडिओवरून चालतो का? पहिल्या पुस्तकात चालत नाही, चौथ्यात चालतो. वाचक विचारणारच, एक ठरवा आणि नव्या आवृत्तीत दुरुस्त करा. अंधारात पाहण्याच्या लष्करी चष्म्यातून साधारण चाळीस अंशांचाच पट्टा दिसतो, अंतराचा अंदाजही चुकतो. शेजारी पडलेली डॉक्टर मेजरला मान वळवल्याशिवाय दिसणार नाही, आणि मान वळवली तर समोरचं सुटेल. हा अडथळा वापरा. सायलेन्सर लावलेली रायफलही वाजते, गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा कडाका राहतोच, तेव्हा "फुस्स" एवढ्यावर पहारेकरी गाफील राहणार नाहीत. सहाही पुस्तकांतले हुद्दे, बढत्या, जखमांच्या बाजू आणि तारखा एका तक्त्यात मांडा. चौथ्या पुस्तकात स्नायपरचा डावा खांदा जायबंदी होता, तुमच्या मसुद्यात उजवा आहे.

उपसंहार पाच-सहा पानांचा ठेवा, साधारण वर्षभरानंतरचा, आणि तो डॉक्टरच्या नजरेतून लिहा. मेजरचा घोगरा, बसलेला आवाज तिथे प्रथमच तिला काहीतरी साधं करायला सांगतो, खिडकी लाव किंवा चहा ठेव असं काहीही, आणि ती म्हणते, "तूच ठेव." पुढच्या मालिकेचं बीज त्या पानांत पेरू नका. नवी तुकडी डोक्यात असेल तर तिचं पहिलं प्रकरण वेगळं छापा, "समाप्त" नंतर. आणि लिहायला सुरुवात करताना पहिल्या प्रकरणाने करू नका. टूर्निकेचा प्रसंग आणि कागदाचा प्रसंग, हे दोन आधी लिहून काढा. मधली प्रकरणं त्यांच्या दिशेने लिहिता येतील, आणि काय कापायचं तेही लगेच दिसेल.